क्रियाविशेषण बसतं कुठे? : इंग्रजी वाक्यांच्या साच्यांवरच्या कामाच्या नोंदी

४ जून

आजपासून सुरुवात. रोजच्या बोलण्यातली साधी इंग्रजी वाक्यं घ्यायची, क्रियापद आणि क्रियाविशेषण एकमेकांजवळ कसे बसलेत ते पाहायचं, आणि एका साच्याचं एक कार्ड करायचं. कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. हे काम अशा मोठ्या माणसांसाठी आहे ज्यांना इंग्रजी शब्द येतात, काळ पाठ असतात, वाचलेलं समजतं, पण बोलायला तोंड उघडलं की वाक्य मध्येच अडतं.

वहीत गेल्या वर्षभरात टिपलेली सुमारे ४०० वाक्यं आहेत. टिपताना एकच अट होती, वाक्य कुणाच्या तरी तोंडून सहज आलेलं हवं. व्याकरणाच्या पुस्तकासाठी मुद्दाम रचलेलं नको.

कार्डांवरच्या इंग्रजी वाक्यांचं ध्वनिमुद्रण मैत्रिणीकडे. कार्डं सर्वांत आधी मावशीवर तपासायची. तिने आयुष्यभर हिशेबाचं काम केलं. इंग्रजी पत्रं ती भराभर वाचते, पण उत्तर तोंडी द्यायचं म्हटलं की गप्प होते.

आज वाक्यांचे शाळेतल्या व्याकरणाप्रमाणे चार ढीग केले: कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक, परिमाणवाचक.

७ जून

चारही ढीग मोडले.

‘ऑलवेज’ आणि ‘यस्टरडे’ एकाच ढिगात पडले होते, कारण दोन्ही काळ सांगतात. पण ‘आय ऑलवेज वॉक’ चालतं आणि ‘आय यस्टरडे वॉक्ड’ चालत नाही. प्रकार कळला की अर्थ कळतो, जागा कळत नाही. आणि आपण अडतो ते जागेपाशीच.

मराठीत जागेची एवढी काळजी करावी लागत नाही. ‘मी काल त्याला भेटले’, ‘काल मी त्याला भेटले’, ‘त्याला मी काल भेटले’, रागात असले तर ‘भेटले ना मी त्याला काल!’ चारही वाक्यं उभी राहतात. कोण कर्ता आणि कोण कर्म हे प्रत्ययांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं, त्यामुळे शब्द मोकळेपणाने हलू शकतात. इंग्रजी नामांना असा प्रत्यय नाही. तिथे जागा हाच प्रत्यय आहे. म्हणून इंग्रजीत शब्द चुकीच्या जागी बसला की ती चूक ऐकणाऱ्याला विभक्ती चुकल्यासारखी खटकते.

नवे ढीग तीन: वाक्याच्या तोंडाशी बसणारे, मधे बसणारे, शेवटी बसणारे. मधल्या ढिगात सगळ्यात जास्त वाक्यं आली आणि गोंधळही तिथेच सगळ्यात जास्त आहे.

१० जून

दिवसभर मधला ढीग. पाच वाक्यं एकाखाली एक लिहून भिंतीवर लावली:

‘शी ऑलवेज कम्स लेट.’
‘शी इज ऑलवेज लेट.’
‘शी विल ऑलवेज कम लेट.’
‘शी हॅज ऑलवेज कम लेट.’
‘शी हॅज ऑलवेज बीन लाइक धिस.’

पुस्तकं इथे तीन नियम देतात. मुख्य क्रियापदाच्या आधी, ‘बी’च्या नंतर, सहायक क्रियापदाच्या नंतर. तीन नियम पाठ करून कुणी बोलू शकत नाही. बोलताना तेवढा वेळच नसतो. पाचही वाक्यं मोठ्याने वाचत राहिले तेव्हा लक्षात आलं की नियम एकच आहे. वाक्यातला पहिला मदतनीस, म्हणजे सहायक क्रियापद, शोधायचा आणि त्याच्या मागे क्रियाविशेषण ठेवायचं. मदतनीसच नसेल तर ते क्रियापदाच्या पुढ्यात जातं. ‘इज’, ‘ॲम’, ‘वॉज’ एकटे असले तरी मदतनिसासारखेच वागतात.

हीच ती खुंटी जिच्यावर इंग्रजी ‘नॉट’ टांगते: ‘शी इज नॉट लेट’, ‘शी विल नॉट कम’. प्रश्न विचारताना उचलून पुढे आणला जातो तोही हाच पहिला मदतनीस: ‘विल शी कम?’ नकार, प्रश्न आणि ‘ऑलवेज’ या तिघांचा पत्ता एकच आहे. हे तीन धडे शाळेत वेगवेगळ्या इयत्तांत शिकवले जातात, म्हणून ते एकत्र दिसत नाहीत. माझ्या मते हे या सगळ्या कामातलं पहिलं कार्ड असायला हवं.

फरक एकच. मदतनीस नसताना नकाराला आणि प्रश्नाला ‘डू’ बोलावून आणावा लागतो, ‘ऑलवेज’ला लागत नाही. पूर्वी नकारालाही लागत नव्हता. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत ‘आय नो नॉट’ हे सरळ वाक्य होतं, ‘नॉट’ थेट मुख्य क्रियापदाच्या मागे. सोळाव्या शतकात ‘डू’चा वापर झपाट्याने वाढला. स्वीडिश अभ्यासक अल्वार एलेगोर्ड यांनी १९५३ मध्ये या बदलाचा माग जुन्या मजकुरांतून आकडे काढून दाखवला. मुख्य क्रियापदाने ‘नॉट’ची खुंटी सोडली आणि ती कायमची मदतनिसांकडे गेली, हे कळलं की ‘डू’ची कटकट निदान विनाकारण वाटत नाही.

मावशीने एक अपवाद लगेच पकडला. ‘‘अगं, मग ‘येस, शी ऑलवेज इज’ असं का ऐकू येतं? इथे ‘ऑलवेज’ आधी कसं आलं?’’ बरोबर आहे. छोट्या उत्तरात ‘इज’ शेवटी एकटा उरतो आणि त्याच्यावर जोर येतो, तेव्हा क्रियाविशेषण त्याच्या पुढे सरकतं. वेगळं कार्ड.

१२ जून

मावशीचं आजचं वाक्य: ‘आय रीड स्लोली द पेपर.’

ही चूक कुठून येते हे मला आज पहिल्यांदा नीट दिसलं. ‘मी पेपर हळूहळू वाचते.’ मराठीत रीतीचा शब्द क्रियापदाला चिकटून, त्याच्या लगेच आधी बसतो. इंग्रजीत जाताना आपण क्रियापद उचलून पुढे नेतो, आणि चिकटलेला ‘हळूहळू’ त्याच्याबरोबर ओढला जातो. कर्म मागे राहतं.

इंग्रजीला नेमकं हेच खपत नाही. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये ती क्रियाविशेषण येऊ देत नाही. ‘ही स्पीक्स इंग्लिश वेल’, ‘ही स्पीक्स वेल इंग्लिश’ नाही. सगळ्या युरोपीय भाषा अशा नाहीत. फ्रेंचमध्ये ‘चुंबन घेतो वारंवार मेरीचं’ हा क्रम बरोबर असतो आणि इंग्रजीत तोच चूक. झाँ-इव्ह पोलॉक यांनी १९८९ मध्ये या एका फरकावरून दोन्ही भाषांतल्या क्रियापदांची मांडणी उलगडून दाखवली. फ्रेंचमध्ये मुख्य क्रियापद क्रियाविशेषणाला ओलांडून पुढे जातं, इंग्रजीत ते जागेवरच थांबतं आणि फक्त मदतनीस पुढे जातात. परवाची खुंटी आणि आजची बंदी एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

कार्डावर नियम लिहिणार नाही. मैत्रिणीला सांगितलं, ध्वनिमुद्रणात क्रियापद आणि कर्म एका श्वासात म्हण, मग किंचित थांब, मग क्रियाविशेषण. ‘आय रीड द पेपर… स्लोली.’ मावशीला तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा ती स्वतःहून बरोबर म्हणाली.

कर्म फार लांब असेल तर इंग्रजीही ही बंदी सैल करते: ‘शी चेक्ड केअरफुली एव्हरी लेटर दॅट हॅड कम दॅट वीक.’ बोलण्यात असं क्वचितच येतं. त्याचं कार्ड नाही.

१३ जून

‘खूप’. मराठीत हा शब्द कुठेही चालतो: खूप थंड, खूप पळालो, खूप माणसं. इंग्रजीत त्याचं काम तिघांत वाटलेलं आहे. विशेषणाला ‘वेरी’, क्रियापदाला ‘अ लॉट’ किंवा ‘वेरी मच’, नामाला ‘अ लॉट ऑफ’. म्हणून ‘मला खूप आवडतं’चं ‘आय वेरी लाइक इट’ होतं. ‘वेरी’ हा जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ या अर्थाच्या शब्दातून आलेला आहे, तो क्रियापदाला हात लावत नाही. क्रियापदाच्या आधीच काही म्हणायचं असेल तर ‘रिअली’: ‘आय रिअली लाइक इट.’ दोन कार्डं, काम संपलं.

१७ जून

चार दिवस एका शब्दावर गेले. ‘अजून’.

मावशीला एक मराठी वाक्य दिलं: ‘तो अजून आला नाही.’ ती म्हणाली, ‘ही हॅज नॉट कम स्टिल.’ मग ‘तो अजून इथेच आहे’ दिलं. ‘ही इज हिअर येट.’ दोन्ही उलटी. शब्द दोन्ही माहीत आहेत, पण मराठीत त्यांना वेगळं करणारं काही नाही, त्यामुळे कुठला कधी हे नशिबावर सोडलं जातं.

रोजच्या बोलण्यात ‘येट’ बहुधा नकारात किंवा प्रश्नात येतं आणि वाक्याच्या शेवटी बसतं: ‘ही हॅजन्ट कम येट.’ ‘स्टिल’ चालू असलेली गोष्ट दाखवतं आणि मधल्या खुंटीवर बसतं: ‘ही इज स्टिल हिअर.’ इथवर सोपं आहे.

पण टिपलेल्या वाक्यांत ‘ही स्टिल हॅजन्ट कम’ही आहे, आणि ते पूर्ण बरोबर आहे. इथे ‘स्टिल’ पहिल्या मदतनिसाच्या आधी आलं. १० तारखेचा नियम मोडला. बराच वेळ विचार केला. ‘हॅजन्ट’मध्ये मदतनीस आणि नकार एकजीव झालेत, आणि जे चालू आहे ते त्याचं न येणंच आहे. म्हणून ‘स्टिल’ पूर्ण नकाराला बाहेरून कवेत घेतं. ‘ही हॅजन्ट कम येट’ म्हणणारा माणूस वाट पाहतोय. ‘ही स्टिल हॅजन्ट कम’ म्हणणारा वाट पाहून कंटाळलाय. मराठीत हा फरक आपण स्वराने करतो, किंवा ‘अजूनही’, ‘अजून सुद्धा’ म्हणून.

कार्डावर मराठी वाक्यंच बदलली: ‘तो अजून आला नाही’ आणि ‘तो अजूनही आलेला नाही!’ मराठी बाजू नेमकी केली की इंग्रजी बाजू समजावून सांगावी लागत नाही.

मग ‘ऑलरेडी’. शब्दकोशात ‘आधीच’, ‘यापूर्वीच’. पण बोलण्यातलं ‘ऑलरेडी’ आपल्याकडे बहुतेक वेळा ‘पण’ किंवा ‘सुद्धा’ होऊन क्रियापदाच्या मागे येतं: ‘गेला पण!’, ‘झालं सुद्धा!’ यावरून मला हवी असलेली जोडी मिळाली:

‘झालं का?’ ‘हॅव यू फिनिश्ड येट?’
‘झालं पण?’ ‘हॅव यू फिनिश्ड ऑलरेडी?’

पहिल्यात नुसती विचारणा, दुसऱ्यात आश्चर्य. मावशी दोन्ही वाचून हसली आणि म्हणाली, ‘‘हे मला आधी कुणी असं का नाही सांगितलं?’’ तिच्या वहीत १९७० च्या दशकातल्या शाळेचं ‘ऑलरेडी म्हणजे अगोदरच’ अजून लिहिलेलं आहे.

‘एनीमोअर’ राहिलं होतं: ‘ती आता इथे राहत नाही’, ‘शी डझन्ट लिव्ह हिअर एनीमोअर.’ आपण ‘नाऊ’ म्हणून मोकळे होतो. चूक नाही, पण आधी राहायची ही गोष्ट ‘नाऊ’मध्ये तितकी ऐकू येत नाही.

‘अजून एक’ आणि ‘अजून मोठं’ इथे घ्यायचे नाहीत. ‘वन मोअर’, ‘ईव्हन बिगर’. क्रियापदाशी त्यांचा संबंध नाही.

२० जून

‘आय रिअली डोन्ट नो.’ ‘आय डोन्ट रिअली नो.’

तेच शब्द. एक शब्द ‘डोन्ट’ला ओलांडून पलीकडे गेला. पहिलं: मला खरंच माहीत नाही. दुसरं: मला तसं नीट माहीत नाही. पहिल्यात ‘रिअली’ नकारावर जोर देतं, दुसऱ्यात नकारच ‘रिअली’ला पोटात घेतो. नकाराच्या उजवीकडे जे येतं ते नकाराच्या तावडीत सापडतं, डावीकडे असतं ते सुटतं. ‘ही डझन्ट ऑलवेज लिसन’ म्हणजे कधी ऐकतो, कधी नाही.

मराठीत नकार वाक्याच्या टोकाला असल्यामुळे हे डावं-उजवं आपल्या कानात मुळीच नसतं. कागदावर दोन बाण काढून मैत्रिणीला दाखवलं. ती म्हणाली, बाण काढूच नकोस, ‘तसं नीट’ आणि ‘खरंच’ एवढंच लिही. तिचं ऐकलं.

२४ जून

काळ आणि क्रियाविशेषण. मराठी माणसाच्या इंग्रजीत सगळ्यात ठळक ऐकू येणारी चूक इथली: ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ मूळ वाक्य ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतेय.’ मराठीत वर्तमानकाळ पुरेसा आहे, कारण मी अजून राहतेच आहे. इंग्रजी ‘फाइव्ह इयर्स’ ऐकल्यावर मागे वळून पाहते आणि क्रियापदालाही मागे वळायला लावते: ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ शिवाय आपल्या ‘पासून’चे तिथे दोन होतात. लांबी सांगायची तर ‘फॉर’, सुरुवातीचा बिंदू सांगायचा तर ‘सिन्स’.

उलट बाजूला ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे.’ मराठीत ‘मी त्याला काल पाहिलंय’ बिनतक्रार चालतं. इंग्रजीत ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’ हे संपलेल्या काळाचे शब्द ‘हॅव’च्या शेजारी बसत नाहीत.

म्हणजे क्रियाविशेषण नुसती जागा निवडत नाही, ते क्रियापदाचं रूपही ठरवतं. यापुढे प्रत्येक कालवाचक शब्द एकटा न लिहिता त्याच्या क्रियापदासकट लिहायचा.

२५ जून

आज एक छान गोष्ट सापडली. ‘ही इज ऑलवेज लूजिंग हिज कीज.’ नियमाने सवय सांगायला साधा वर्तमान हवा, मग हा चालू काळ का? कारण यात तक्रार आहे. समजावायला कठीण म्हणून बाजूला ठेवलं होतं. आणि मराठी वाक्य लिहायला बसले तर हातून आपोआप आलं: ‘तो सारखा किल्ल्या हरवत असतो.’ ‘हरवतो’ नाही, ‘हरवत असतो’! तीच भावना, तसंच रूप. इतके दिवस चुका शोधत होते, इथे मराठी बोट धरून नेते आहे.

१ जुलै

‘शी सिंग्ज गुड.’ मावशीची चूक नाही, माझ्याच जुन्या वहीतली. ‘ती चांगली गाते.’ ‘तो चांगला गातो.’ मराठीत हा शब्द गाण्याबद्दल बोलतो, पण रूप गाणाऱ्याप्रमाणे बदलतो, विशेषणासारखं. म्हणून विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यातली भिंत आपल्याला जाणवत नाही. इंग्रजीत ‘गुड’ बोलणार गायिकेबद्दल, ‘वेल’ बोलणार गाण्याबद्दल.

मग ‘-ली’. हा प्रत्यय जुन्या इंग्रजीतल्या ‘लिच’ या ‘शरीर, रूप’ अर्थाच्या शब्दाच्या कुळातला, ‘लाइक’चा नातेवाईक. पण जुनी इंग्रजी क्रियाविशेषण करायला नुसता शेवटचा ‘ए’ही लावत असे. तो उच्चारातून झडला, आणि ‘हार्ड’, ‘फास्ट’, ‘लाँग’ हे शब्द विशेषण आणि क्रियाविशेषण दोन्ही कामांसाठी एकाच रूपात उरले. म्हणून ‘ही रन्स फास्ट’. ‘फास्टली’ असा शब्दच आज नाही.

‘हार्डली’ आहे, पण तो दुसरीकडे गेलेला आहे. ‘ही वर्क्स हार्ड’: तो कसून काम करतो. ‘ही हार्डली वर्क्स’: तो काम करतच नाही म्हटलं तरी चालेल. ‘लेट’ आणि ‘लेटली’ यांचंही तसंच: उशिरा, आणि हल्ली. ही दोन कार्डं ठळक रंगात. इथली चूक एखाद्या कष्टाळू माणसाला आळशी ठरवू शकते.

५ जुलै

‘ही लुक्ड अँग्री’ आणि ‘ही लुक्ड ॲट मी अँग्रिली’. व्याकरणं इथे ‘जोड क्रियापदां’ची यादी देतात: ‘लुक’, ‘फील’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘साउंड’. यादी पाठ करायची गरजच नाही, मराठीत ही क्रियापदं आधीच वेगळी आहेत. दिसणं आणि पाहणं. वास येणं आणि वास घेणं. चवीला लागणं आणि चाखणं. दिसणं, येणं, लागणं, वाटणं असेल तर विशेषण. पाहणं, घेणं, चाखणं असेल तर क्रियाविशेषण. ‘तो रागावलेला दिसला’, ‘अँग्री’. ‘त्याने रागाने पाहिलं’, ‘अँग्रिली’. एकदाही चुकलं नाही. हे कार्ड मला सगळ्यांत आवडतं.

८ जुलै

क्रियापदांचे साचे असे मांडण्याची परंपरा जुनी आहे, हे या कामात मला धीर देतं. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. १९४२ मध्ये तिथेच निघालेल्या त्यांच्या शब्दकोशात प्रत्येक क्रियापदापुढे त्याचा साचा कोणता ते क्रमांकाने दिलेलं होतं. असे एकूण २५ साचे. शिकणारा माणूस एका क्रियापदाचा साचा दुसऱ्याला लावतो, ही अडचण त्यांनी वर्गात पाहिलेली होती. ‘टेल मी’ चालतं म्हणून ‘एक्सप्लेन मी’ म्हणतो, ‘वाँट हिम टू गो’ चालतं म्हणून ‘सजेस्ट हिम टू गो’. मराठीतही ‘मला सांग’ आणि ‘मला समजाव’ एकाच साच्याचे असल्यामुळे आपण हमखास फसतो. ‘एक्सप्लेन इट टू मी’ आज संचात घातलं.

१४ जुलै

‘अप’, ‘डाउन’, ‘आउट’, ‘अवे’. या चिमुकल्या शब्दांची सगळ्यांना धास्ती असते, आणि शिकवणारे लांबलचक याद्या देऊन ती वाढवतात. मीही एक यादी करायला घेतली होती. ‘ईट इट अप’ला मराठी काय लिहावं? ‘पूर्ण खा’? कुणी असं बोलत नाही. आपण म्हणतो ‘खाऊन टाक’.

आणि मग थांबताच येईना. ‘थ्रो इट अवे’, फेकून दे. ‘राइट इट डाउन’, लिहून घे. ‘फाइंड आउट’, शोधून काढ. ‘रन अवे’, पळून जा. ‘ड्राय अप’, वाळून जा. ‘गिव्ह अप’, सोडून दे.

‘खाऊन टाक’मध्ये कुणी काही टाकत नाही, तसं ‘ईट अप’मध्ये काही वर जात नाही. ‘शोधून काढ’मधला ‘काढ’ आणि ‘फाइंड आउट’मधला ‘आउट’ दोघंही आतून बाहेर येण्याचं चित्र ठेवतात आणि काम संपल्याचं सांगतात. दुसरं क्रियापद आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून पहिल्याला रंग देतं, हे मराठी माणूस बोलायला लागल्यापासून करतो. इंग्रजी तेच काम क्रियापदाऐवजी छोट्या क्रियाविशेषणाकडून करून घेते. प्रत्येक जोडी जुळेल असं नाही. ‘पुट अप विथ’ला ‘सोसून घे’ हे केवळ अर्थाने जवळ आहे. पण भीती घालवायला इतकं पुरे.

जागेचा प्रश्न उरतो. ‘थ्रो अवे द बॉक्स’ आणि ‘थ्रो द बॉक्स अवे’ दोन्ही चालतात. म्हणजे १२ जूनची बंदी या चिमुकल्यांना लागू नाही, ते क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये जाऊ शकतात. पण कर्माच्या जागी ‘इट’ किंवा ‘हिम’ आला की तोच मधे हवा: ‘थ्रो इट अवे’. ‘थ्रो अवे इट’ कधीच नाही. ‘लुक आफ्टर इट’मधला ‘आफ्टर’ मात्र हलत नाही, कारण तो क्रियाविशेषण नाही, ‘इट’चा शब्दयोगी आहे. कानाने ओळखायची खूण: ‘थ्रो इट अवे’त जोर ‘अवे’वर, ‘लुक आफ्टर इट’मध्ये जोर ‘लुक’वर. ध्वनिमुद्रण पुन्हा करायला सांगितलं, पहिल्या खेपेत सगळे जोर सारखे आले होते.

१९ जुलै

मावशीला प्रश्न पडला की तिची इंग्रजी वाक्यं बरोबर असूनही लांब का होतात. ‘ही केम इन्टू द रूम लिम्पिंग.’ चूक नाही. पण सहज बोलणारा म्हणेल, ‘ही लिम्प्ड इन्टू द रूम.’

‘तो लंगडत खोलीत आला.’ मराठीत मुख्य क्रियापद ‘आला’, म्हणजे दिशा. कसा आला ते ‘लंगडत’ सांगतं. इंग्रजीत बरोबर उलट. कसा आला ते मुख्य क्रियापदात आणि दिशा ‘इन्टू’मध्ये. ‘तिने पळत रस्ता ओलांडला’, ‘शी रॅन अक्रॉस द रोड.’ ‘बाळ रांगत बाहेर आलं’, ‘द बेबी क्रॉल्ड आउट.’ ‘पाय न वाजवता ती निघून गेली’, ‘शी टिपटोड अवे.’ भाषा हालचालीचे तुकडे असे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात, हे लेनर्ड टॅल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये सविस्तर मांडलं.

पाहण्याचंही तसंच. टक लावून पाहणं ‘स्टेअर’, ओझरतं पाहणं ‘ग्लान्स’, डोळे वटारून पाहणं ‘ग्लेअर’, डोळे बारीक करून पाहणं ‘स्क्विंट’. आपलं क्रियाविशेषण तिथे क्रियापदाच्या पोटात गेलेलं असतं. मराठीतही डोकावणं, कुजबुजणं, पुटपुटणं आहेत, पण आपला मोठा साठा पटकन, झटकन, हळूच, खुदकन, धाडकन अशा शब्दांचा आहे. ‘ती खुदकन हसली’ला ‘शी गिगल्ड’ लिहिताना ‘खुदकन’चा आवाज हातातून निसटतो. त्याला इलाज नाही.

काम असं ठरलं: सोळा कार्डांवर मराठी वाक्यातल्या क्रियाविशेषणाखाली रेघ, इंग्रजी वाक्यात क्रियापदाखाली रेघ. दुसऱ्या बाजूला पाहताना डोळ्याला कळतं की अर्थ कुठून कुठे गेला. ‘शाउट लाउडली’ हेही यामुळे आपोआप कमी होईल. ‘शाउट’मध्ये ‘मोठ्याने’ असतंच.

२३ जुलै

‘-च’. ‘मी इथेच आहे’चं ‘आय ॲम हिअर ओन्ली’ भारतात सर्रास ऐकू येतं, आणि ऐकणारा भारतीय असेल तर समजतंही. बाहेरचा माणूस त्याचा अर्थ ‘फक्त इथे’ असा घेतो आणि गोंधळतो. इंग्रजीत ‘च’ला एक शब्द नाही. ‘तोच’, ‘द सेम वन’. ‘आत्ताच’, ‘जस्ट नाऊ’. ‘इथेच’, ‘राइट हिअर’. ‘जाणारच’, ‘आय ॲम डेफिनेटली गोइंग’, किंवा नुसता आवाजाचा जोर. सहा कार्डं केली. अजून लागतील.

२८ जुलै

वाक्याचा शेवट. रीत, ठिकाण, वेळ असा क्रम: ‘दे प्लेड वेल देअर यस्टरडे.’ मराठीचा सहज क्रम उलटा: ‘ते काल तिथे चांगले खेळले.’ वाक्य उजवीकडून वाचलं की बहुतेकदा जमतं. एक कार्ड.

संच मैत्रिणीकडे दिला. दुपारी मावशीचा फोन आला. तिने शेजारच्या मुलीबरोबर दहा मिनिटं इंग्रजीत बोलायचा सराव केला होता, आणि मुलगी एका वाक्याला थांबली: ‘आय ऑल्सो डोन्ट नो.’

‘‘यात काय चुकलं गं? ‘मला पण माहीत नाही’ एवढंच तर म्हणाले.’’

‘‘मावशी, नकार आला की ‘ऑल्सो’ सोडायचा आणि शेवटी ‘आयदर’ म्हणायचं. ‘आय डोन्ट नो आयदर.’’’

‘‘आणि ‘मला पण माहीत आहे’?’’

‘‘‘आय नो टू.’ दोन्ही शेवटी.’’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. लिहून घेत होती. संच परत मागवला. ‘मला पण’ची दोन कार्डं उद्या सकाळी.